नाव सांगायची पद्धत

मुनाफभाईच्या रद्दीत, चोपड्याला,
दहावीच्या गाइडांखाली सापडलं ते:
जाडजूड, कव्हर फाटलेलं, जपानी.
वजन तीनशे ग्रॅम. चार रुपये.
म्हणाला, चित्रं आहेत, रात्र निघेल तुझी.

जिनिंगवर रात्रपाळी माझी.
पोलीस भरतीत पाऊण इंच कमी पडलो, तीनदा,
तरी अंगावर खाकी आलीच,
बाह्या दोन बोटं लांब,
खिशावर आधीच्या माणसाचं नाव उसवल्याच्या खुणा.

डावीकडून वाचलं आधी.
पुलाखाली एक फाटका योद्धा, म्यानात बांबू,
पानागणिक सावरत गेला.
तलवार आली, घोडा आला, सरदारानं जवळ बसवलं,
शेवटी आईच्या मांडीवर गोल गोल पोर.
मला बरं वाटलं.

मुनाफभाई हसला. उर्दू शाळेत सातवी झालेला माणूस.
अरे, उलटं वाचलंस. हे उजवीकडून असतं.

उजवीकडून वाचलं, तर सगळं जातच गेलं त्याचं.
घोडा पहिल्याच लढाईत उधळला, त्याला शेणात टाकून.
तलवार गहाण, वाटीभर भातासाठी.
सोबतीला कोण, तर घोड्याला भिणारा पहिलवान
आणि फाशांत लबाडी करणारी एक धोबीण.
शेवटच्या पानावर पुलाखाली तिघं हसतात.
का हसतात, ते अक्षरांत असेल.

मी व्हाइटनरनं अक्षरं पुसली,
फुग्यांत आपली अहिराणी भरली.
योद्धा म्हणतो, "भूक लागनी रे भो."
पहिलवान: "तलवार खाय."
धोबिणीचा फुगा कोराच राहिला. सुचेना.

एक मात्र शिकलो,
लढाईआधी ते लोक नाव सांगतात.
बापाचं, गावाचं, ठासून. मगच वार.

पौषात, सरकीच्या ढिगावर, तिघं जण.
मी काठी उपसली, म्यानातून उपसावी तशी,
म्हणालो, थांबा! मी ध... ध...
ध माझा जुना वैरी.
शाळेची हजेरी माझ्यापाशी येऊन अडायची.
टॉर्च हलतोय. ध... ध...
पोती खांद्यावर घेऊन ते उभेच.
एकानं पोतं खाली ठेवलं. दुसरा त्यावर बसला.
तिसरा, ओठावर नुकती लव फुटलेला, म्हणाला,
"दम लीसन सांग भो, आमले घाई नही."

"धुडकू," म्हणालो. "धुडकू शेनफडू, राहणार अडावद."
आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून
टाकून दिल्यासारखं करून पुन्हा उचललेलं पोर.
जगावं म्हणून ठेवलेलं नाव.
कुणी हसलं नाही.
लववाला म्हणाला, "मी उखर्डू. मन्हं बी तसंच नाव से."

मग काय झालं, ते नीट सांगता येत नाही.
विडी एकच होती, चौघांत फिरली.
पोती चार होती, दोन गेली.

उजाडताना शेवटचं पान काढलं,
धोबिणीच्या फुग्यात लिहिलं,
"दम लीसन सांग. आमले घाई नही."
आणि मालकाच्या रजिस्टरात:
रात्री मांजर आलं होतं. मोठं होतं.