शनिवारचा आकडा

बँकेतल्या माणसाने दोनदा विचारलं,
सगळं? आजच?
अजून सात वर्षं आहेत तुमच्याकडे.
म्हटलं, ती तुम्ही ठेवा.
वाक्य माझं नव्हतं,
मिलाग्रिनने बसमध्ये घोकून घेतलं होतं माझ्याकडून.

फोंड्यात दोन खोल्या, तिसरा मजला,
ओट्याशी उभं राहिलं की शेजारच्या इमारतीची टाकी दिसते.
एवढ्यासाठी वीस वर्षं.
पहिली दोन वर्षं हप्ता जायचा तो व्याजाच्याच पोटात,
मुद्दल हलायचं ते
कोंबडीने तांदळाच्या पोत्याला चोच मारावी तितकं.

कुंडईच्या कारखान्यात आम्ही चौघी
पाकिटांत गोळ्या भरायचो.
डोक्याला जाळी, तोंडाला फडकं,
ओळख होती ती डोळ्यांपुरती.
चेहरे कळले जेवणाच्या सुट्टीत,
कर्जं कळली त्याच्याही पुष्कळ नंतर.
मिलाग्रिनचं शिरोड्याचं घर छपरापायी गहाण,
रत्नप्रभाचं नवऱ्याच्या टेम्पोपायी.
शाबीने कशासाठी ते सांगितलं नाही,
आकडा तेवढा सांगितला.

ठरलं एवढंच की
पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत.
शनिवारी पाळी सुटली की थांब्यावर विचारायचं,
कितले?
खोटं बोललीस तर बस चुकेल, रत्नप्रभा म्हणायची.
एकदा मी बोलले. बस वेळेवर आली.
म्हार्दोळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले,
फर्मागुढीच्या चढावर खरं सांगितलं:
चाळीस.
कुणी हसलं नाही. शाबीने वहीत लिहिलं,
स्वतःच्या हजाराच्या खाली,
तितक्याच मोठ्या अक्षरात.

चाळीस म्हणजे
पोदेराचा भोंपू वाजला तरी दार न उघडणं.
बाजारात सुंगटांच्या बाजूने न जाणं.
हुमणात एक बांगडा कमी,
आणि मुली आधी ताटाकडे बघायच्या, मग माझ्याकडे.
मी मीठ बरोबर आहे का विचारायची.

चवथीला मिलाग्रिनने परसातली तोरिंगं आणली,
माटोळीला बांध म्हणाली,
पैसे नव्हेत हे, फळं.
म्हणताना चेहरा मात्र नियम मोडल्यासारखा.

दर मार्चमध्ये साचलेलं नेऊन मुद्दलावर घालायचे.
पावती चौघींत फिरायची,
नवं मूल फिरावं तशी,
हात पुसून घ्यायच्या सगळ्या.

मग बोरीच्या पुलाअलीकडे टेम्पो उलटला.
रत्नप्रभाचा नवरा वाचला, साठवलेलं गेलं.
अकरा शनिवार ती थांब्यावर येऊन
शून्य म्हणायची. शून्यच. सुट्टी घेतली नाही एकदाही.
शाबीने अकराही शून्यं लिहिली.
बाराव्या शनिवारी रत्नप्रभा म्हणाली, साठ,
आणि मिलाग्रिनला तिथेच, उभ्या उभ्या, रडू फुटलं.
लोकांना वाटलं कुणी तरी गेलं.

आज घराचे कागद हातात आले.
टाचणी गंजलेली, तिचा तांबूस डाग
माझ्या नावावर.
तेरा वर्षं यांनाच भाड्याने ठेवल्यासारखं वाटलं,
मीच भरत होते भाडं.
घरी जाऊन भिंतीत एक खिळा ठोकला.
काही लावायचं नव्हतं.

शनिवारी तरी थांब्यावर गेलेच.
शाबीने वही उघडली, पेनचं टोपण दातात.
म्हटलं, माझं संपलं.
मग काय झालं, म्हणाली, आता तू विचार.
वही माझ्याकडे दिली.
तीन नावं उरलेली, माझ्या रकान्यात पांढरा कागद.
कितले? मी विचारलं.
घसा बसला होता, पुन्हा विचारलं.

ती आकडा सांगणार होती.
त्याऐवजी म्हणाली, हे कर्ज ना,
माझ्या भावाने...

वळणावर बस दिसली.
आम्ही ती जाऊ दिली.