कंपाउंडर

अकरा वर्षं मी एकच वाक्य विकलं:
"डॉक्टर आत्ताच बाहेर पडले."
मालिकेतला कंपाउंडर. पिवळा स्वेटर, हातात लाल औषधाची बाटली.

काल रुवीच्या हॉलमध्ये नवं काही करून पाहिलं,
माझा घटस्फोट, हप्त्यांवर लावलेले केस.
मंडळाच्या खजिनदारबाई तेवढ्या हसल्या,
त्याही घड्याळाकडे बघत.
मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, ते डॉक्टरचं म्हणा!"
म्हटलं.
छप्पर उडालं.

पहाटे विमानतळाकडे. गाडीवर सुदाम खेतले,
मूळ संगमेश्वरचा, चौदा वर्षं मस्कतात.
म्हणाला, तुमचं वाक्य मी अरबाबला ऐकवलं होतं,
त्याच्याच भाषेत.
वडील गेले, आणि हा रजा देईना.
ऐकून हसला खूप. मग डोळे पुसत म्हणाला,
जा, पंधरा दिवस.

"कसं ऐकवलंस?"
आरशात बघून त्यानं मान जराशी तिरकी केली:
"दख्तूर तव्वा तला."

तव्वा म्हणजे आत्ताच.
मला आपला तवाच ऐकू आला, करपल्या भाकरीसकट,
आणि सीबच्या फाट्यावर
मी माझ्याच वाक्याला पहिल्यांदा हसलो.

सुदाम थांबला.
माझं हसू ओसरेपर्यंत पुढचं बोलला नाही.

टायमिंग आहे पोराला.