उभं राहण्यापुरतं

तळ्याच्या गाळातून काढलेलं विमान
ट्रेलरवरून उद्यमनगरात आलं
तेव्हा पंखांत चिखल होता,
चिखलात खेकड्यांची बिळं.

दस्तगीर मिस्त्रींनी चष्मा पुसला.
जन्मभर गुऱ्हाळांची इंजिनं खोललेली.
"ह्येबी इंजिनच की," म्हणाले.

संग्रहालयाचे साहेब बजावून गेले :
उडवायचं नाहीये, मिस्त्री.
उभं राहिलं म्हणजे झालं.
बाहेरून रंग तेवढा नीट द्या.

दीड वर्ष पत्रा ठोकला.
रिव्हेटी मोजायचं मधेच सोडून दिलं.
एका पॅनेलच्या आतल्या अंगाला
पेन्सिलीची बेरीज निघाली,
कुणा परमुलखातल्या कामगाराची,
हातचा विसरलेली.
रॉकेलचा बोळा तिला वळसा घालून गेला.

शेवटच्या आठवड्यात हुकूम आला :
पंखा जाम करा, पोरं हात लावतील.
त्या रात्री, शेजारची लेथ थांबल्यावर,
मिस्त्रींनी बेअरिंगात ग्रीस भरलं
आणि पातं हातानं ढकललं.
एक फेरा. अजून अर्धा.
कुठं घासलं नाही.

मग भुश्शात हात चोळून
ते बोल्ट शोधू लागले.
बोल्ट खिशातच होता.
शोधायला त्यांनी बराच वेळ लावला.