शेरा

बाबांच्या बार्जची जुनी लॉगबुकं घरात होती,
मागची पानं कोरी.
त्यातल्याच एकात मी औषधं लिहायला लागले.
रकाने छापील: तारीख, वेळ, भरती-ओहोटी, माल, शेरा.
'माल'खाली लिहिते ट्रॅमाडॉल,
नाहीतर मॉर्फिन.

ट्रॅमाडॉल डिचोलीत मिळतं,
कामतांच्या दुकानात, चिठ्ठी दाखवली की.
मॉर्फिनला बांबोळी, दोन बस,
रजिस्टरात सही,
आणि खिडकीतला माणूस गोळ्या दोनदा मोजतो.

ट्रॅमाडॉलवर बाबा घामेजतात, पेजेचा वास सोसत नाही,
कण्यातलं चावणारं चावतंच, फक्त दात बोथट.
पण बोलतात.
पिळगावातल्या आमच्या खिडकीतून नदी दिसत नाही, माडांआड आहे,
तरी इंजिन ऐकून सांगतात,
"ही सांतानची 'स्टेला'. दुसरो सिलिंडर खोंकता."

मॉर्फिनवर पोट गच्च, जीभ कोरडी, रोज इसबगोल,
आणि कपाळावरची ती उभी रेघ
नाही.
बार्ज जाते. "कोण तरी गेलं," म्हणतात,
तेही एखाद्या वेळी.

डॉक्टर मिनेझिसना मी विचारलं, यातलं चांगलं कुठलं?
त्या म्हणाल्या, "कोणासाठी?"
मग सावरून घेतलं, हाडांविषयी, मात्रेविषयी
बराच वेळ समजावत राहिल्या.
मी मान हलवत होते.

खरं सांगायचं तर
त्या शनिवारी मॉर्फिन घरात होतं
आणि मी त्यांना कॅप्सूल दिली.
मला आमोण्याच्या पुलाखालची रात्र ऐकायची होती,
बार्ज आडवी झाली, खलाशी येसो सापडला नाही, ती.
आईलाही कधी सांगितली नव्हती.
सांगितली. उशीचा कोपरा मुठीत आवळून,
मधे दोनदा ओकून,
दीड तास.
शेरा: बरे बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पान मागितलं,
चष्मा लावून वाचलं.
रागावले नाहीत.
"माल चुकीचो भरलो गो," एवढंच.

तेव्हापासून मॉर्फिन वेळेवर,
गजर लावून, रात्री दोनलासुद्धा.

आज भरतीबरोबर एक बार्ज वर गेली.
मी मोठ्यांदा म्हटलं, "ही 'स्टेला'."
नव्हती. एवढं आता मलाही कळतं.
बाबांनी दुरुस्त केलं नाही.
मी तेच लिहून ठेवलं.