आधी कोण उभं होतं

मे महिना. संध्याकाळचे सात वाजले
तरी लक्ष्मीनगरच्या कोर्टाचं सिमेंट
बुटातून दुपार वर पाठवतंय.

थावरेंची पोर चेंडू घेऊन आत घुसते,
वाटेत ढोबळेंची उंच मुलगी, हात सरळ वर.
धाडकन.
दोघी खाली, चेंडू जाळीला लागून बाहेर,
आणि दोन्ही बाकांवरून एकच ओरड : फाऊल!

धक्का सगळ्यांनाच दिसतो.
मी त्याच्या आधीचं बघतो :
हिचे पाय टेकले केव्हा,
तिने जमीन सोडली त्याआधी की नंतर,
हात वर गेले ते वरच राहिले
की हावेने थोडे पुढे कलले.

दिवसा मी भूमापन कार्यालयात
लोकांच्या हद्दी मोजतो.
मानेवाड्यातल्या वीतभर बोळासाठी
अकरा वर्षं तारखा पडताहेत.
इथे पाय रोवले की तेवढी जागा आपली,
तिच्यावरचं आभाळसुद्धा,
बोटं पोचतील तिथवर.
फक्त वेळेवर यावं लागतं.

शिट्टी. माझे दोन्ही हात कमरेवर :
अडवणूक.

"काहून सर? मी तर उभीच होती ना!"
गुडघ्याला सिमेंटची साल लागलेली.
"टाच टेकायची होती," मी म्हणतो.
"किती?"
मी बोट दाखवतो, अर्धं.
ती पाणी न पिताच परत जाते.

रात्री कुलरच्या घरघरीत
ती टाच पुन्हा पुन्हा खाली येते.
एकदा तर
वेळेत.