दोन माडांचं अंतर

आचऱ्याच्या भट्टीतून निघताना पाव गरम असतो
आणि शर्टातून पाठीला लागतो.
वेताची टोपली गेली, निळा क्रेट आला,
वर गोणपाट मात्र तेच, हँडलला भोपूही तोच, रबरी,
मुणगे ते मिठबाव सगळे त्याला ओळखतात.

आज चढावर आरशात आधी उजेड आला.
उजेडामागून गाडी, पांढरी, पुण्याची,
मग गाडीचा नुसता जबडा,
आणि जबडाही आरशात मावेना
तेव्हा काचेआडचा माणूस दिसला,
हनुवटी खालून निळी, डोळे मांडीवर.
मांडीवर कोण, मला ठाऊक आहे.
नकाशातली ती बाई. सगळ्यांना सांगते, सरळ जा.

आमचा रस्ता असा:
पलीकडे जांभ्याचा गडगा,
अलीकडे डांबर संपतं तिथे वीतभर खाली लाल खडी.
माणूस उतरला तर उतरेल, तीनशे पाव उतरत नाहीत.
रविवार आहे. साडेतीनशे.

ब्रेकला नुसता पाय टेकवला, दोनदा,
मागचा दिवा मिचकावला.
डावा हात खाली सोडून तळवा हलवला,
गुरांना थोपवतात तसा, हळू रे, हळू.
मग रस्त्याच्या मधोमध आलो
आणि आहे त्याहून रुंद बसलो.

त्याने हॉर्न दिला.
लांबलचक.
खळ्यात परबांच्या शालनची वाढवण थांबली.
"पाववालो नाय गे तो," ती आत कुणाला तरी म्हणाली.

गेल्या मे महिन्यात हिंदळ्याच्या वळणावर
शौकत असाच दिसला नव्हता कुणाला.
"दिसलाच नाही हो," तो गृहस्थ सांगत होता
आणि खरंच रडत होता.
रस्ताभर बांगडे, बर्फ वितळतोय,
कावळे आधी आले, मग रिक्षा.
शौकतचा पाय जुळला.
किक मारायला अजून तो मुलाला हाक मारतो.

हे सगळं मला मानेत आठवतं.
डोळे पुढे असतात, मान मागचं ऐकत राहते.

वाडी संपली, रस्ता जरा सैल झाला,
तो गेला. इतका जवळून, की गोणपाट फडफडलं
आणि माझा गुडघा आपोआप टाकीला चिकटला.
त्याच्या आईचं नाव घेतलं, ते हेल्मेटातच राहिलं.

मग मी काय केलं, तेही सांगतो.
बावन्न वर्षांचा आहे, मुलगी लग्नाची आहे,
तरी मूठ पिळली.
मिठबावच्या अलीकडे गाठला त्याला,
इतका गाठला की मागच्या काचेवरची धूळ दिसली,
धुळीत बोटाने काढलेलं एक तोंड,
दोन डोळे, जीभ बाहेर.

त्या तोंडामागून दुसरं तोंड उठलं.
नुकतंच जागं झालेलं,
गालावर सीटच्या शिवणीचा वळ.
पोर मला बघत होतं.
त्या गाडीतून मला बघणारं सकाळचं पहिलं माणूस.

आता याने ब्रेक मारला
तर माझं कपाळ तिच्या कपाळावर.

मूठ सोडली.
एक माड गेला. दुसरा गेला.
बापूस सायकलवर पाव विकायचा, तो म्हणायचा,
फुडच्याक दोन माड सोड, पावसात चार.
आम्ही हसायचो, सायकलला कसले माड.

भोपू दाबला, एकदा, उगीच.
पोराने पुढे वळून काहीतरी सांगितलं.
पुढून कुणी वळलं नाही.
वळले नाहीत तेच बरं.

मिठबावात डबा घेऊन उभ्या रोझीकाकीने
क्रेटमध्ये हात घातला.
"आज पाव चेपलेले कशे रे, इनास?"

वाकून बघितलं.
क्रेटच्या उजव्या कोपऱ्याला
पांढरा रंग लागला होता, नखाएवढा.

तो नखानेच खरवडला
आणि तिचे सुटे पैसे मोजले.
दोनदा मोजावे लागले.