विशेष निमंत्रित

पत्र आलं. वर राजमुद्रा, खाली शिक्का,
दीर्घकालीन पाणी नियोजन, राज्य कृती दल,
बैठक लातूरला, सकाळी अकरा.
अठरा नावांच्या तळाशी माझं:
श्री. दिगंबर मुळजे, सेवानिवृत्त, विशेष निमंत्रित.
बायको म्हणाली, इस्त्रीचा शर्ट घाला.

एकतीस वर्षं मी विहिरी मोजल्या.
वर्षातून चारदा, एकशे बारा विहिरी.
पोलादी फितीच्या टोकाला खडू घासायचा,
फीत सोडायची, थांबायचं, वर ओढायची.
खडू जिथवर भिजला तिथवर पाणी.
एवढंच शास्त्र.

पिंपळवंडीची विहीर शेवंताबाई कांद्यांची.
कठड्यावर आमच्या खात्याचा पांढरा बाण.
फीत वर आली की ती विचारायची, किती?
मी म्हणायचो, अकरा पूर्णांक वीस.
मीटर तुझ्यापाशी ठेव, ती म्हणायची,
पायऱ्या सांग.

बैठकीत पडद्यावर सगळी वर्षं एका रेघेत होती.
डॉ. ओवी सरवदे, वय माझ्या नोकरीएवढं,
हिरवा ठिपका फिरवत म्हणाली,
"हा दोन हजार तेराचा मे. सगळा जिल्हा खाली,
आणि हे एकच गाव वर.
इथं काहीतरी घडलंय.
पुढच्या पंचवीस वर्षांचा धागा इथं सापडेल."
पिंपळवंडी पॅटर्न, कुणीतरी लगेच म्हणालं,
आणि तो शब्द टेबलावर मांडी घालून बसला.
अध्यक्ष माझ्याकडे वळले.
"मुळजे, तुम्ही होता तिथं. काय केलं होतं गावानं?"

त्या मे महिन्यात मी उदगीरला होतो,
साडूच्या पोरीच्या लग्नात.
पंगत उठता उठता आठवलं, उद्या तक्ता द्यायचाय.
मांडीवर वही, बोटाला आमरस,
जुन्या एका सालचा आकडा जरासा हलवून लिहिला:
नऊ पूर्णांक चाळीस.

"आमरस खाल्ला, साहेब," मी म्हणालो.
सगळे हसले.
मग मी सांगत गेलो तसे थांबले.
एका इंजिनिअरनं फायलीची नाडी सोडली,
पुन्हा बांधली.
ओवीनं तो ठिपका काढून टाकला,
रेघ क्षणभर अडखळली आणि सरळ खाली गेली.
"असे अजून किती?"
माझे दोन. दुसरा औसा तालुक्यातला,
त्या दिवशी गाडी पंक्चर होती.
बाकीच्यांचं मला काय माहीत.
आणि माझ्यामागं तर मोजायला माणूसच नाही, बाई,
सहा वर्षं जागा रिकामी आहे,
तक्ता तेवढा वेळेवर भरून येतो.

इतिवृत्तात एक ओळ आली:
विशेष निमंत्रितांनी अनुभवकथन केले.
चहाच्या बिलाखाली.

दुसऱ्या दिवशी ओवी सरवदे
माझ्या स्कूटरवर मागं बसून पिंपळवंडीला आली.
शेवंताबाई आता कमरेतून वाकलीय.
तेराच्या मेचं विचारलं तर म्हणाली,
"तवा? तवा ह्यो आलाच न्हाई.
म्या वाट बघितली दोन दिस.
एकेचाळीस पायऱ्या उघड्या पडल्या व्हत्या.
बेचाळिसावीला खाच हाय, तितं गुडघा टेकून
वाटी वाटीनं घागर भरलीय म्या."

वही माझ्याकडे होती. मी ती उघडली नाही.

ओवीनं विचारलं, पायरी किती उंचीची असेल?
शेवंताबाई म्हणाली, "कंची?"

मग ओवीनं चपला काठावर काढल्या,
ओढणी कमरेला बांधली,
खडूनं पांढरी झालेली फीत माझ्या हातून घेतली
आणि उतरायला लागली.
मी वर, वही धरून.
पहिली, एकतीस सेंटीमीटर.
दुसरी, सदतीस.
तिसरीपाशी ती थांबली. खालून आवाज आला,
"काका, ही फुटलेली आहे.
कुठून धरू?"